पदकावर नाव नसतं

युद्धात पराक्रम केला की पदक मिळतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण युद्धात जहाज बुडालं आणि एक खलाशी जिवंत राहिला, तर त्या जिवंत राहण्याला पदक द्यावं का? दिलं तर ते कशाचं? धैर्याचं, सबुरीचं, की नशिबाचं? आणि त्याच होडीत, त्याच थंडीत, त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या दुसऱ्याला ते मिळालं नाही, तर त्याचा अर्थ आपण काय घ्यायचा?

हा प्रश्न कुणाला जुनापुराणा वाटेल. दुसरं महायुद्ध संपून ऐंशी वर्षं उलटली. पण कोकण किनाऱ्यावरच्या आपल्या मोहल्ल्यांना तो परका नाही. मुरुड-जंजिऱ्यापासून श्रीवर्धन, बाणकोट, दाभोळ, जयगड, राजापूरपर्यंत कुठल्याही गावात जा. "आमचे दादा बोटीवर होते" हे वाक्य ऐकू येतंच. बोटीवर होते म्हणजे काय होते, कुठल्या कंपनीच्या, कुठल्या समुद्रात, त्या बोटीचं पुढं काय झालं, हे विचारलं की मात्र बोलणारा थांबतो. त्या थांबण्यामागं काय आहे, याचा विचार आम्हाला इथं करायचा आहे.

आधी एक हकिकत पाहू. १३ सप्टेंबर १९४० रोजी 'सिटी ऑफ बनारस' नावाचं जहाज इंग्लंडातल्या लिव्हरपूल बंदरातून कॅनडाकडे निघालं. नाव आपल्या काशीचं, कंपनी ब्रिटिश. त्या दिवसांत लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते. म्हणून ब्रिटिश सरकारनं आपली काही मुलं समुद्रापलीकडे सुरक्षित जागी पाठवायची योजना आखली होती. अशी ९० मुलं या जहाजावर होती. १७ सप्टेंबरच्या रात्री, भर अटलांटिकात, वादळी हवेत, एका जर्मन पाणबुडीनं जहाजावर टॉर्पेडो सोडला. अर्ध्या तासाच्या आसपास जहाज तळाशी गेलं. जहाजावर सुमारे चारशे माणसं होती. त्यांतली अडीचशेहून अधिक गेली. ९० मुलांपैकी ७७ मुलं पुन्हा घरी आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी 'हरिकेन' नावाची युद्धनौका आली आणि हाती लागतील तितक्यांना घेऊन गेली. बारा क्रमांकाची एक होडी मात्र तिच्या नजरेतून सुटली. त्या होडीत ४६ माणसं होती. सहा मुलगे होते, त्यांच्याबरोबर निघालेल्या मेरी कॉर्निश या संगीत शिक्षिका होत्या, एक पाद्री होते, काही गोरे कर्मचारी होते आणि बत्तीस हिंदी खलाशी होते. ही होडी आठ दिवस समुद्रावर होती. पाणी घोटाघोटानं वाटलं जाई. मुलांचे पाय थंडीनं बधिर होत; कॉर्निशबाई ते चोळून देत आणि मुलांचं मन मरू नये म्हणून रोज थोडीथोडी साहसकथा रचून सांगत. आठव्या दिवशी एका विमानाला होडी दिसली आणि 'अँथनी' या विनाशिकेनं सगळ्यांना वर घेतलं.

कॉर्निशबाईंना पुढं राजाकडून सन्मान मिळाला. त्यांच्या कहाणीवर १९४१ सालीच एल्स्पेथ हक्स्ली या लेखिकेनं पुस्तक लिहिलं. हा सन्मान रास्तच होता. आम्ही स्वतः शिक्षक आहोत. चाळीस मिनिटांच्या तासाला पोरांचं लक्ष धरून ठेवणं काय असतं, ते आम्हाला माहीत आहे. मग मृत्यू शेजारी बसलेला असताना सहा पोरांना आठ दिवस गोष्टीच्या धाग्यावर जगवणं काय असेल? त्या बाईंपुढं आमची मान आदरानं झुकते.

पण त्याच होडीत बत्तीस माणसं आणखी होती. त्या सहा मुलांची नावं पुस्तकांत आहेत. त्यांची घरं, त्यांचे आईबाप, ती मोठेपणी काय झाली, हे सगळं वाचायला मिळतं. बत्तीस खलाशी मात्र बहुतेक लिखाणात 'बत्तीस लास्कर' एवढ्याच शब्दांत येतात. 'लास्कर' हा शब्द आपल्याच फारसी 'लष्कर'वरून परदेशी जिभांवर गेलेला. गोऱ्या जहाजांवर हिंदी खलाशाला तेच नाव होतं. हे बत्तीस जण उष्ण मुलखातले, अंगावर पुरेसे गरम कपडे नसलेले. त्यांनी आठ रात्री कोणती दुआ मागितली, कोणत्या गावाची आठवण काढली, कोणी कोणाला आपल्या वाटणीचं पाणी दिलं, यातलं जवळजवळ काहीच आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. उलट त्या काळच्या काही लिखाणात हिंदी खलाशी संकटात हातपाय गाळून बसतात, असा शेरा मारलेला आढळतो. ज्यांना विचारलंच गेलं नाही, त्यांच्याबद्दल निकाल मात्र दिला गेला.

आता हे खलाशी किती होते ते पाहू, म्हणजे ही गोष्ट एका होडीची नाही हे ध्यानात येईल. युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या दर चार माणसांत साधारण एक माणूस हिंदुस्थानातला होता. डेकवरचा खलाशी, त्यांच्यावरचा टंडेल, टंडेलावरचा सारंग, खाली इंजिनापाशी कोळसा लोटणारा आगवाला, वर खाण्यापिण्याची व्यवस्था पाहणारा बटलर, अशी त्यांची उतरंड असे. मुंबईहून भरती होणाऱ्या जहाजांवर डेकवर कोकण-गुजरातचे, इंजिनात पंजाबी आणि पठाण, खानपानात गोव्याचे ख्रिस्ती, असा रिवाज पडून गेला होता. कलकत्त्याहून जाणाऱ्यांत पूर्व बंगालचे मुसलमान पुष्कळ. गोऱ्या खलाशाला जो पगार मिळे, त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर ही माणसं काम करत. म्हणून सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्ध जाहीर होताच, पगारवाढीसाठी हिंदी खलाशांनी विलायतेतल्या बंदरांत संप केले. शेकडोंना तुरुंगात टाकलं गेलं आणि शेवटी पगार थोडा वाढला. संप मोडल्यावर हीच माणसं पुन्हा त्याच समुद्रात गेली, जिथं पाण्याखाली पाणबुड्या टपून होत्या.

या युद्धात समुद्रावर मरण पावलेल्या आणि कबरीची जागाही न मिळालेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींची नावं दोन सारख्या नोंदवह्यांत लिहिलेली आहेत. त्यांत नौदलाचे थोडे आणि व्यापारी जहाजांवरचे बहुसंख्य. एक वही चट्टग्रामला आणि दुसरी आपल्या मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होमच्या स्मारकासाठी केलेली. मशीद बंदरला आपण मसाला घ्यायला जातो, सुकामेवा घ्यायला जातो. तिथंच आपल्या किनाऱ्याचा हा हिशेब आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

तरी जे मेले, त्यांचं नाव निदान एका वहीत आलं. जे वाचले, त्यांचं काय?

इथं पदकाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धासाठी ब्रिटिशांनी आठ प्रकारचे सहा टोकांचे तारे काढले. अटलांटिक तारा, बर्मा तारा, अशी त्यांची नावं. ज्यानं ठरलेले दिवस त्या समुद्रात किंवा त्या मुलखात काढले, त्याला तो तारा. व्यापारी जहाजावरच्या खलाशालाही तो लागू होता. पण एक अडचण होती. सैनिकाची नोंद पलटणीत असते. व्यापारी खलाशाला पदकासाठी स्वतः अर्ज करावा लागे. विलायतेतले कितीतरी गोरे खलाशी हा अर्ज करायला कंटाळले किंवा विसरले. मग रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीत परतलेल्या, सही ऐवजी अंगठा उठवणाऱ्या आगवाल्यानं तो कुणाकडून लिहून घ्यायचा होता? आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर त्या माणसाचं नाव कोरलेलं असे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं आपल्या लोकांना दिलेल्या ताऱ्यांवर नाव कोरणं सोडून दिलं. म्हणजे असा तारा एखाद्या पेटीत सापडला, तर तो कुणाचा हे तारा सांगत नाही. ते घरातल्या माणसानं सांगायचं असतं.

शौर्याच्या पदकाची वाट याहून वेगळी आणि जास्त अरुंद आहे. त्याला कुणीतरी पाहणारा लागतो. पाहणाऱ्यानं लिहावं लागतं, लिहिलेलं वरच्यानं मानावं लागतं, मग ते सरकारी गॅझेटात छापून येतं. काही हिंदी सारंगांना आणि खलाशांना अशी पदकं मिळालीही; ते नाकारायचं कारण नाही. पण पाहणारा आणि लिहिणारा जवळजवळ नेहमी एकाच बाजूचा असेल, तर पदकांची यादी ही शौर्याची यादी राहत नाही. ती ज्याचं शौर्य कुणाच्या तरी लेखणीत आलं, त्यांची यादी होते. ज्याची गवाही नाही, त्याचं पदक नाही.

'गवाही' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. उर्दू माध्यमात शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना शब्दाच्या मुळाशी जायची सवय असते. अरबीत 'शहीद' आणि 'शाहिद' हे दोन शब्द एकाच धातूतून आले आहेत. एक जीव देणारा, दुसरा साक्ष देणारा. आपण पहिल्या शब्दाचा गजर करतो. दुसरा शब्द कोर्टाच्या पायरीवर सोडून देतो. बुडालेल्या जहाजातून वाचलेला खलाशी हा त्या दुसऱ्या शब्दाचा माणूस आहे. शंभर जण गेले, तो राहिला. का राहिला, हे त्यालाही सांगता येत नाही. पण त्या शंभरांचं शेवटचं पाहणारा तो एकटाच आहे.

पून लिम या चिनी खलाशाची कथा इथं आठवते. तो 'बेनलोमंड' या ब्रिटिश जहाजावर वाढप्याचं काम करी. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी दक्षिण अटलांटिकात ते जहाज बुडवलं गेलं आणि जहाजावरच्या माणसांपैकी तो एकटा उरला. लाकडी तराफ्यावर त्यानं १३३ दिवस काढले. कॅनव्हासमध्ये पावसाचं पाणी धरलं, बॅटरीतल्या तारेचा गळ केला, मासे आणि पक्षी मारून खाल्ले. शेवटी एप्रिल १९४३ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ कोळ्यांनी त्याला उचललं. राजानं त्याला 'ब्रिटिश एम्पायर मेडल' दिलं. एवढे दिवस तराफ्यावर एकट्यानं जगण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे हे कळल्यावर तो म्हणाला होता की, हा विक्रम मोडायची पाळी कुणावर येऊ नये.

आमच्या मते वाचलेल्या माणसानं पदकाला दिलेलं याहून चांगलं उत्तर सापडणं कठीण. त्यानं पदक नाकारलं नाही, त्याचा तोराही मिरवला नाही. त्यानं फक्त एवढं सांगितलं की ज्याला तुम्ही विक्रम म्हणता ती एक यातना होती. आणि जगाची रीत पाहा. याच माणसाला पुढं अमेरिकेत स्थायिक व्हायचं होतं, तेव्हा चिनी लोकांचा वार्षिक कोटा भरला म्हणून त्याची वाट अडली. खास सवलत मिळाली तेव्हाच त्याला राहता आलं. छातीवर राजाचं पदक असलेला माणूसही दारात कागद दाखवत उभा राहतो. पदकानं शौर्य मान्य झालं. माणूस मान्य व्हायला आणखी काही वर्षं लागली.

त्याच २३ नोव्हेंबर १९४२ या तारखेला आपल्या बाजूच्या समुद्रातही एक जहाज बुडालं होतं. मुंबईहून आफ्रिकेतल्या मोंबासाकडे निघालेलं 'तिलावा'. त्यावर ९५८ माणसं होती. जपानी पाणबुडीनं ते बुडवलं, २८० जण गेले आणि ६७८ वाचले. प्रवासी बहुतेक हिंदी, पोटासाठी आफ्रिकेला जाणारे. एकाच दिवशी दोन जहाजं. एका तराफ्याची गोष्ट जगभर झाली. दुसऱ्या जहाजासाठी मुंबईत वाचलेले आणि वारस एकत्र जमले, ते ऐंशी वर्षांनी, २०२२ साली. तोवर ही साक्ष घराघरांत बंद होती.

आता कुणी विचारेल, ती सगळी परक्या राजाची युद्धं. त्यांची पदकं मोजून आपल्याला काय करायचं? ठीक. मग स्वतंत्र भारताचं उदाहरण घेऊ. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आपली 'खुकरी' ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीनं बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना वाचवण्याची धडपड केली आणि स्वतः जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आलं. तिकडं पाकिस्तानात त्या पाणबुडीच्या कमांडरला 'सितारा-ए-जुर्रत' मिळाला. एकाच रात्रीबद्दल, एकाच घटनेबद्दल, दोन देशांनी दोन पदकं दिली. यात चूक कुणाची म्हणावी? युद्धात असंच होतं. पण यावरून एवढं तरी कळावं की पदक हे आपल्या बाजूचं असतं. ते आपलं ऋण फेडतं. त्या रात्री पाण्यात काय घडलं, याचा पुरा हिशेब त्यात मावत नाही. मुल्लांचं धैर्य आपल्याला ज्यांच्यामुळं कळलं, ते पोहून वाचलेले नौसैनिक होते. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं, म्हणून एक महावीर आपल्याला मिळाला. जहाजाबरोबर जाणारा मोठा, यात वाद नाही. पण पोहून आलेला लहान होत नाही. तो आला नसता तर मोठ्याचं मोठेपण समुद्रातच राहिलं असतं.

दीनच्या अंगानं पाहिलं तरी हा मुद्दा अडत नाही. पाण्यात बुडून मरणाऱ्यालाही शहीदाचा दर्जा आहे, असं हदीसमध्ये आलं आहे. तिथं हातात बंदूक होती की कोळशाचा फावडा, असा प्रश्न नाही. दुसऱ्या एका हदीसमध्ये, लोकांनी आपल्याला शूर म्हणावं म्हणून लढलेल्या माणसाचा निवाडा सांगितला आहे. त्याला सांगितलं जाईल की, लोकांनी तुला शूर म्हणून झालं, तुझी मजुरी तुला तिथंच मिळाली. नियत पाहिली जाते, आणि नियत गॅझेटात छापता येत नाही. आता आमचे खलाशी तर शूर म्हणवून घ्यायला गेलेच नव्हते. ते पगारासाठी गेले होते. काहींना यात कमीपणा वाटतो. ते साम्राज्याचे भाडोत्री होते असंही म्हटलं जातं. पण बायकापोरांच्या हलाल रोजीसाठी जिवावर उदार होणं याला आपल्याकडं कधीच हलकं मानलेलं नाही. पदकाची आशा नसताना केलेलं काम तर नियतीच्या तराजूत जास्तच भरावं.

हजरत उमर (र.) यांच्या काळातला एक प्रसंग इतिहासात येतो. नहावंदच्या लढाईची खबर घेऊन जासूद मदिनेला आला. फतेहची बातमी दिली, मग कामी आलेल्या नामवंतांची नावं सांगितली. शेवटी म्हणाला, आणखीही पुष्कळ लोक गेले, पण अमीरुल मोमिनीन त्यांना ओळखत नाहीत. हे ऐकून हजरत उमर रडले. उमरनं त्यांना ओळखलं नाही म्हणून त्यांचं काय अडणार आहे, अल्लाह त्यांना ओळखतो, अशा अर्थाचं ते बोलले.

हा प्रसंग आपल्याकडं तकरीरीत सांगितला जातो आणि ऐकणाऱ्याला धीर येतो. पण त्यातली अर्धी गोष्टच आपण उचलतो, असं आम्हाला वाटतं. अल्लाह ओळखतो, हे मेलेल्यांसाठी पुरेसं आहे. जिवंतांसाठी ते निमित्त होऊ शकत नाही. उमर रडले, हा त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहे. जासुदाला ज्यांची नावं ठाऊक नव्हती, ती माणसं कुणाच्या तरी घरची होती. ती कमतरता मेलेल्यांची नव्हती, ती सांगणाऱ्यांची होती, आणि त्याचं दुःख खलिफानं स्वतःला लावून घेतलं. आपण 'अल्लाह जानता है' म्हणून वही मिटतो, तेव्हा ईमानाच्या नावावर आळस करत असतो. माणसाचं माणसावर असलेलं देणं, ज्याला आपण हक्कुल इबाद म्हणतो, ते अल्लाहच्या ज्ञानानं फिटत नाही. ते आपणच फेडायचं असतं.

इथं एका नाजूक जागेवर बोट ठेवणं भाग आहे. आपल्या सभा-संमेलनांत, शाळांतल्या २६ जानेवारीच्या भाषणांत, एक नाव हमखास येतं. परमवीर अब्दुल हमीद. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर रणगाडे उडवताना ते शहीद झाले. त्यांचं नाव घ्यावं, अभिमानानं घ्यावं. पण ते आपण कशासाठी घेतो, हे एकदा स्वतःला विचारावं. पुष्कळदा ते नाव एखाद्या ओळखपत्रासारखं पुढं केलं जातं. समोरच्यानं संशयानं पाहिलं की आपण खिशातून अब्दुल हमीद काढतो. अशा वेळी त्या वीराची आठवण राहते बाजूला. आपण फक्त आपली हजेरी लावत असतो. पदक दाखवल्याशिवाय ज्याला आपलं मानलं जात नाही, त्याला पदक दाखवल्यावरही फार काळ आपलं मानलं जात नाही. पून लिमची गोष्ट तेच सांगते. या मुलखावर आपला हक्क शहीदांची संख्या मोजून सिद्ध करायचा नाही. तो इथं जन्मून, राबून, मरूनच आलेला आहे.

म्हणून बुडालेल्या खलाशांची आठवण 'आमचेही लोक मेले' या सुरात काढायची नाही. त्या होड्यांत फक्त आपले नव्हते. कोकणी मुसलमानाच्या शेजारी गोव्याचा ख्रिस्ती होता, खारवी होता, सिल्हेटचा बंगाली होता, चिनी वाढप्या होता, गोरा पोरगाही होता. साक्ष द्यायची तर सगळ्या होडीची द्यावी लागते. आपल्या माणसांपुरती गवाही देणारा साक्षीदार कोर्टात टिकत नाही, मग इतिहासात कसा टिकेल?

मग करायचं काय? स्मारक उभारा, पुतळा बसवा, मागणीपत्रं द्या, असं आम्ही सुचवत नाही. ते ज्यांना करायचं त्यांनी करावं. आमची सूचना लहान आहे. त्या युद्धातला खलाशी आज भेटणं जवळजवळ अशक्य झालं आहे. त्यांची मुलं मात्र आहेत, आणि तीही आता म्हातारी झाली आहेत. सुना आहेत, ज्यांनी सासऱ्याच्या तोंडून रात्री-बेरात्री काहीतरी ऐकलं असेल. मोठ्या माणसांना बोट, बंदर, सारंग, पेन्शन हे शब्द टाकून बोलतं करावं. जहाजाचं नाव काय, कुठून चढले, बरोबर गावचं कोण होतं, परत आले ते कसे आले. कुणी आलंच नसेल तर घरी खबर कशी आली, कुणी वाचून दाखवली, आईनं काय केलं. जुनी पेटी असेल तर ती उघडावी. खलाशाचं जुनं पुस्तक, फोटो, कंपनीचं पत्र, फितीला लटकलेला तारा, जे असेल ते. भंगारवाल्याला पितळेचा भाव कळतो. बाकीचं त्याला घरच्यांनीही सांगितलेलं नसतं.

आणि हे लिहून ठेवावं. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, आपल्या कोकणी बोलीत लिहा. आठवीच्या पोराच्या दोनशे पानी वहीत लिहिलं तरी चालेल. तारीख चुकली तर चुकू द्या, नाव चुकवू नका. आमच्यासारख्या शिक्षकांनी हा उद्योग मुलांकडून करून घ्यावा. पोरं निबंधात 'माझा आवडता नेता' वर्षानुवर्षं लिहितात. एखाद्या वर्षी 'आमच्या घरातला बोटीवरचा माणूस' लिहिला तर त्यांचंही मराठी सुधारेल आणि मोहल्ल्याचीही थोडी भर निघेल. कारण बोटीवर जाणं अजून संपलेलं नाही. आजही आपली तरणी पोरं परदेशी झेंड्याच्या जहाजांवर आहेत, आखातात आहेत. त्यांच्याही कहाण्या पैसे पाठवल्याच्या पावत्यांखाली दबून जात आहेत.

पदक देणं राजाच्या किंवा सरकारच्या हातात असतं. ते मिळेल, न मिळेल, उशिरा मिळेल, भलत्याला मिळेल. गवाही देणं मात्र कुणाच्या हुकुमावर अवलंबून नाही. ज्यानं पाहिलं त्यानं सांगायचं, ज्यानं ऐकलं त्यानं पुढं सांगायचं. बारा क्रमांकाच्या होडीतल्या त्या बत्तीस जणांपैकी कुणी जिवंत घरी पोचला असेल, तर त्यानंही ओटीवर बसून ही गोष्ट कुणाला तरी सांगितली असेल. ऐकणाऱ्यानं ती पुढं नेली नाही, म्हणून आज आपण त्याला आकड्यानं ओळखतो. पुढच्यांनी आपल्या माणसांना आकड्यानं ओळखू नये, एवढं तरी आपल्याला करता येईल.